‘फॅरनहाइट ९/११’ बघितल्यावर हमखास विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यात आमच्या घरी महिन्यातून एकदा, शनिवारी रात्री, माहितीपट बघायला काही मंडळी जमतात. कोणी ऐरोलीहून शिफ्ट संपवून येतं, कोणी वाशीहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीनं. मायकेल मूर यांचा २००४ चा ‘फॅरनहाइट ९/११’ लावला की जेवढी वादावादी होते तेवढी दुसऱ्या कुठल्याच माहितीपटानंतर होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती व्हॉट्सॲपवर चालू राहते. प्रश्न मात्र तेच तेच. म्हणून एकदाच उत्तरं लिहून ठेवतोय. ही उत्तरं माझी, गटाची नव्हेत. गटात बुशसाहेबांचे चाहतेही आहेत आणि त्यांच्या वाटचं थालीपीठ आम्ही कधी कमी केलेलं नाही.

हा माहितीपट कशावर आहे? दोन ओळींत सांगा.

अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या पहिल्या कारकिर्दीवर, आणि तीही चालू असताना. २००० साली फ्लोरिडात ५३७ मतांच्या फरकावर आलेली निवडणूक, ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला, बुश घराणं आणि सौदी धनिकांचे लागेबांधे, सरकारला लोकांवर पाळत ठेवायचे जादा अधिकार देणारा पॅट्रियट कायदा, मग मार्च २००३ मध्ये इराकवर केलेली चढाई. दोन तासांचा आहे. उत्तर दोन ओळींत बसलं नाही, पण मूर यांनी तरी कुठे आवरतं घेतलंय!

अध्यक्ष खुर्चीवर असताना हा निघालाच कसा? कोणी अडवलं नाही?

सरकारनं नाही. अमेरिकेत सिनेमा दाखवायला सरकारी प्रमाणपत्र लागत नाही. १९५२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सिनेमालाही भाषणस्वातंत्र्याचं कवच दिलं. १९६४ च्या सलिव्हन निकालानंतर तर सार्वजनिक पदावरच्या माणसाला बदनामीचा दावा जिंकायचा असेल, तर समोरच्यानं जाणूनबुजून किंवा बेफिकिरीनं खोटं पसरवलं हे सिद्ध करावं लागतं. ते फार अवघड.

अडवलं ते धंद्यानं. पैसा मिरामॅक्स या सिनेमा कंपनीचा, मिरामॅक्स डिस्नीच्या मालकीची, आणि डिस्नीनं वितरणाला नकार दिला. दरम्यान मे २००४ मध्ये कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. १९५६ नंतर तो मान मिळालेला हा पहिलाच माहितीपट. मिरामॅक्सच्या वाइनस्टाइन बंधूंनी हक्क स्वतः विकत घेतले आणि लायन्स गेट, आयएफसी या वितरकांना सोबत घेऊन २५ जूनला तो अमेरिकाभर लावला. निवडणूक होती नोव्हेंबरात. तारखेमागचा हिशेब उघडाच होता, आणि मूर यांनी तो लपवलाही नाही.

तुमचं स्वतःचं मत काय? आवडला की नाही?

आवडला. संतापही आला, आणि तो बुश यांच्यावरच आला. हसूही भरपूर आलं, कारण मूर कीर्तनकाराच्या जातीचे आहेत: पूर्वरंगात कोट्या करून माणूस सैल करायचा आणि उत्तररंगात त्याच आवाजात त्याला रडवायचं.

पण परत परत बघताना माझं एक मत पक्कं झालं. जिथे मूर गप्प बसतात आणि चित्र नुसतं चालू राहतं, तिथे बुश यांच्याविरुद्धची बाजू सगळ्यात भक्कम आहे. जिथे ते गाणं लावतात, दोन वेगळ्या ठिकाणची चित्रं शेजारी ठेवतात आणि आपल्याला नुसती कोपरखळी मारतात, तिथे रिमोट हातात घेऊन मागे जावं. खालची बरीचशी उत्तरं यातूनच निघालेली आहेत.

गप्प बसण्याचं उत्तम उदाहरण म्हणजे खुद्द हल्ल्याचा प्रसंग. विमान इमारतीवर आदळल्याचं ते चित्र आपण सगळ्यांनी शेकडो वेळा पाहिलंय. मूर ते दाखवतच नाहीत. पडदा काळाकुट्ट होतो आणि फक्त आवाज येतात. आमच्याकडे त्या वेळी एकदा कोणाच्या तरी फोनची रिंग वाजली, तर अख्ख्या खोलीनं त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा फोन घेऊन गॅलरीत गेला तो पडदा उजळेपर्यंत आत आला नाही.

शाळेतली ती सात मिनिटं खरी आहेत का?

खरी आहेत. बुश त्या सकाळी फ्लोरिडात सारासोटाच्या एमा ई. बुकर प्राथमिक शाळेत दुसरीच्या वर्गात बसले होते. पहिलं विमान आदळल्याचं वर्गात शिरण्याआधीच कळलं होतं. दुसरं आदळल्यावर चीफ ऑफ स्टाफ अँड्र्यू कार्ड यांनी येऊन कानात सांगितलं की देशावर हल्ला झालाय. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजून गेले होते, ठाणे स्टेशनवर पाय ठेवायला जागा नसते ती वेळ. त्यानंतर बुश जवळजवळ सात मिनिटं तिथेच बसून राहिले. मुलं बकरीची गोष्ट वाचत होती.

नीट बघा त्यांचा चेहरा. ओठ दाबलेले, नजर मध्येच पुस्तकावर, मध्येच कुठेतरी समोर. पुढे या हल्ल्याच्या चौकशी आयोगाला बुश यांनी सांगितलं की लोकांसमोर घाबरगुंडी दिसू नये, शांतपणा दिसावा, असा त्यांचा विचार होता. गटातल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना हे पटतं. त्या म्हणतात, चाळीस लहान मुलांसमोर मोठा माणूस एकदम उठून पळाला तर काय होतं ते मी बघितलंय. मला निम्मंच पटतं. एक-दोन मिनिटं ठीक होती.

गंमत अशी की एवढा बिनतोड तुकडा हातात असूनही मूर यांना राहवत नाही. बुश यांच्या मनात त्या क्षणी काय चाललं असेल, ते स्वतःच बोलून दाखवायला लागतात: कामावर जरा जास्त वेळा जायला हवं होतं का, वगैरे. आवाज बंद करून तेवढा भाग बघा. जास्त बोचतो.

सगळी विमानं बंद असताना बिन लादेनच्या नातेवाइकांना देशाबाहेर सोडलं, हे खरं का?

गटात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, आणि सगळ्यात जास्त गोंधळही इथेच. कारण बघून उठलेल्या दहातल्या आठ जणांना ‘विमानं बंद असताना’ असंच आठवतं. आता तो तुकडा सावकाश बघू.

मूर आधी सांगतात की हल्ल्यानंतर सगळी विमानवाहतूक थांबवली होती. अडकून पडलेले प्रवासी दिसतात. गायक रिकी मार्टिनसुद्धा उडू शकला नाही, असा विनोद येतो. मग, तसंही कोणाला उडायचं होतं म्हणा, बिन लादेन मंडळी सोडून! आणि विमान आकाशात झेपावतं. त्यानंतर कुठे निवेदनात तारीख येते, १३ सप्टेंबरनंतर. म्हणजे वाक्य खोटं नाही. पण तारीख येईपर्यंत आपल्या डोक्यात चित्र पक्कं झालेलं असतं आणि तारीख त्याला पुसू शकत नाही.

माहितीपट लागल्यावर महिन्याभरात, २२ जुलै २००४ ला, ९/११ चौकशी आयोगाचा अहवाल आला. आकाश खुलं होण्याआधी सौदी नागरिकांना घेऊन कुठलंही विमान देशाबाहेर गेल्याचा पुरावा आयोगाला मिळाला नाही. त्या उड्डाणांना मंजुरी देण्यात दहशतवादविरोधी विभागाचे प्रमुख रिचर्ड क्लार्क यांच्या वरच्या कोणाचा हात असल्याचंही दिसलं नाही. क्लार्क यांनी स्वतः मे २००४ मध्येच ती जबाबदारी आपली असल्याचं जाहीर सांगितलं होतं. आता गोम बघा: हेच क्लार्क माहितीपटात बुश यांच्या इराकवेडाविरुद्धचे भारदस्त साक्षीदार म्हणून येतात. एका प्रकरणात त्यांचं ऐकायचं आणि दुसऱ्यात त्यांचं नाव घ्यायचं नाही, हे मला खटकतं. त्या नातेवाइकांची आणखी कसून चौकशी व्हायला हवी होती का, हा प्रश्न तरीही रास्तच आहे.

गोल्फच्या मैदानावरचा तो प्रसंग तर अगदीच निर्लज्जपणाचा नाही का? “आता हा फटका बघा” म्हणतात!

चीड येतेच. दहशतवाद्यांना थांबवा असं गंभीर चेहऱ्यानं सांगायचं आणि पुढच्याच श्वासात काठी फिरवायची. फक्त तो तुकडा ऑगस्ट २००२ चा आहे आणि विषय होता इस्रायलमधला आत्मघाती हल्ला. माहितीपटातला संदर्भ बघता आपल्याला वाटतं की अमेरिकेवरच्या हल्ल्याबद्दलच बोलतायत.

आणि बड्या लोकांच्या मेजवानीत “तुम्हीच माझा आधार” म्हणतात, ते?

ती २००० सालच्या ऑक्टोबरमधली न्यूयॉर्कची अल स्मिथ मेजवानी. धर्मादाय निधीसाठी असते, आणि उमेदवारांनी तिथे स्वतःचीच टिंगल करायची अशी जुनी प्रथा आहे. त्या रात्री बुश यांचे प्रतिस्पर्धी अल गोर यांनीही तेच केलं. माहितीपटात यातलं काहीच सांगितलेलं नाही. विनोदातही माणूस कळतो असं गटातली काही मंडळी म्हणतात, असेल. पण मेजवानी कसली होती, एवढं सांगायला पाच सेकंद लागली असती.

म्हणजे सगळा खोटाच म्हणायचा?

अजिबात नाही! हा निष्कर्ष काढायची घाई आमच्याकडे नेहमी तेच लोक करतात ज्यांना बघायच्या आधीपासून तो काढायचा असतो.

मुख्य मुद्दा होता इराकचा. महाविनाशक शस्त्रांच्या नावाखाली लोकांना घाबरवून एका देशावर चढाई केली, असं मूर म्हणत होते. ऑक्टोबर २००४ मध्ये खुद्द अमेरिकेच्याच इराक सर्वेक्षण गटाचा अहवाल आला: शस्त्रांचे साठे नव्हते. त्याआधी जुलैत सिनेटच्या समितीनं गुप्तचर माहितीतल्या चुकांवर मोठा अहवाल दिला होता. म्हणजे मोठ्या प्रश्नावर मूर बरोबर निघाले. म्हणूनच लहान जागी केलेल्या चलाख्यांचा राग येतो. गरजच नव्हती त्यांची.

एक अपवाद इथेही सांगतो. हल्ल्याआधीचा इराक म्हणून पतंग उडवणारी पोरं, हसणारी माणसं, न्हाव्याचं दुकान एवढंच दिसतं. सद्दामचा एकही तुरुंग नाही. बॉम्ब पडणार ते याच लोकांवर, हे दाखवायचं होतं हे कळतं. तरी एवढं गोडमिट्ट चित्र मला पचलं नाही.

खासदारांना “तुमच्या मुलाला सैन्यात पाठवा” म्हणतात तो भाग?

आमच्याकडे सगळ्यात जास्त हशा इथे. वॉशिंग्टनच्या रस्त्यावर हातात भरतीचे कागद घेऊन मूर एकेका लोकप्रतिनिधीला गाठतात. ५३५ सदस्यांपैकी फक्त एकाचा मुलगा इराकमध्ये होता, असं ते सांगतात. माणसं अक्षरशः वाट बदलतात.

मिनेसोटाचे मार्क केनेडी त्यात क्षणभर दिसतात, चक्रावलेल्या चेहऱ्याचे. त्यांनी नंतर तक्रार केली की मी मदत करायची तयारी दाखवली होती, माझा पुतण्या अफगाणिस्तानला निघालाय असंही सांगितलं होतं, ते कापलं. कापलं हे खरंच. ठाण्याच्या गडकरी रंगायतनला विनोदी नाटक बघताना तालीम मास्तरांच्या हुशारीला आपण टाळ्या देतो. इथे समोरचा माणूस नट नाही, हे हसताना लक्षात राहत नाही.

फ्लिंटमधली ती आई खरी आहे का?

खरी. आणि माझ्या मते अख्खा माहितीपट तिच्यासाठी बघावा.

फ्लिंट हे मिशिगनमधलं मूर यांचं गाव. मोटारींचे कारखाने गेले आणि गाव बसलं. गिरण्या बंद पडल्यावर लालबाग-परळचं काय झालं, किंवा आपल्या वागळे इस्टेटमधले कारखाने एकेक करून गेल्यावर काय झालं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना तिथली ओसाड घरं वेगळी समजावून सांगावी लागत नाहीत. तिथे मरीनचे दोन भरती अधिकारी मॉलमध्ये पोरं हेरायला जातात. बरा मॉल सोडून देतात आणि गरीब वस्तीतली पोरं जातात त्या मॉलच्या पार्किंगमध्ये उभे राहतात. मूर इथे जवळजवळ काहीच बोलत नाहीत. कॅमेरा त्या दोघांच्या मागे मागे चालतो, एवढंच. कुठल्या घरातला मुलगा लढाईवर जातो, हे मला कुठल्या अग्रलेखानं इतकं स्वच्छ सांगितलेलं नाही.

फ्लिंटची ही आई रोज सकाळी दारात झेंडा लावणारी, घरात सैन्याची परंपरा. युद्धाला विरोध करणाऱ्यांचा तिला आधी राग यायचा. मुलगा इराकमध्ये गेला, एप्रिल २००३ मध्ये हेलिकॉप्टर कोसळून मेला. सोफ्यावर घरच्यांमध्ये बसून ती त्याचं शेवटचं पत्र वाचते. नंतर व्हाइट हाउससमोर जाते, तर एक अनोळखी बाई तिला म्हणते की हे सगळं नाटक आहे. तिचं उत्तर मी इथे लिहीत नाही, ते तिच्याच तोंडून ऐका.

तिचं दुःख मूर यांनी वापरून घेतलं, असा आक्षेप आहे. वापरलंच. पण ती काही कोणाच्या हातातली बाहुली वाटत नाही. वॉशिंग्टनला जायचं कारण तिचं स्वतःचं आहे आणि ते ती स्वतःच सांगते.

एकतर्फी आहे ना? मग त्याला माहितीपट कसं म्हणायचं?

हा प्रश्न बहुतेक न्यू जर्सीत मुलगा असलेल्या काकांकडून येतो, “मुलगा म्हणतो की एकतर्फी आहे” अशा शब्दांत. काका, एकतर्फी आहेच. मूर यांनीही नाकारलेलं नाही.

आपल्या पिढीची अडचण वेगळी आहे. थिएटरात मुख्य सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनची रिळं लागायची: धरण, पूर, मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन, आणि तो खर्जातला आवाज. १९४८ पासून तेच बघून माहितीपट म्हणजे निःपक्षपाती असणार, असं आपण धरून चाललो. ती रिळंही एकतर्फीच होती. बाजू सरकारची होती म्हणून जाणवायचं नाही, आणि आपण त्या वेळात समोसे आणायला जायचो.

एवढा चालला, मग बुश हरले का नाहीत?

पहिल्याच शनिवार-रविवारी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. तिथे जवळपास १२ कोटी डॉलर कमावले, जगभरात २२ कोटींच्या वर. माहितीपटाच्या इतिहासात असं घडलं नव्हतं. आणि २ नोव्हेंबर २००४ ला बुश यांना सुमारे ६ कोटी २० लाख मतं पडली, जॉन केरी यांना ५ कोटी ९० लाख. टक्केवारीत ५०.७ विरुद्ध ४८.३.

तिकीट काढून विरोधी प्रचार बघायला कोण जातं? ज्याचं मत आधीच ठरलेलं असतं तो. शिवाय युद्ध चालू असताना माणूस बदलायला लोक कचरतात. कुंपणावरच्या मतदाराला मूर यांची चेष्टा अपमानास्पद वाटली असण्याचीही शक्यता आहे. आमच्याच गटातल्या दोघांना वाटली, आणि ते तर अमेरिकेचे मतदारही नाहीत.

परिणाम झाला तो भलतीकडेच. सिटिझन्स युनायटेड नावाच्या उजव्या संघटनेनं निवडणूक आयोगाकडे तक्रार केली की या माहितीपटाच्या जाहिराती म्हणजे निवडणूक प्रचार आहे. तक्रार फेटाळली गेली. मग संघटनेनं ठरवलं, आपणच सिनेमे काढू. २००८ मध्ये तिनं हिलरी क्लिंटन यांच्याविरुद्ध एक काढला, त्याच्या प्रसारणावर निर्बंध आले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २१ जानेवारी २०१० ला पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: कंपन्या आणि संघटनांनी निवडणुकीत स्वतंत्रपणे केलेल्या प्रचारखर्चाला मर्यादा घालता येणार नाही. अमेरिकेच्या निवडणुकांत पैशाचा जो पूर आला त्याचा एक झरा असा मूर यांच्या दारातून निघतो. त्यांना हे कोणी आठवण करून दिलं तर काय म्हणत असतील, कोण जाणे.

आपल्याकडे असा माहितीपट निघू शकतो का?

आधी एक गोष्ट: आपले राष्ट्रपती घटनात्मक प्रमुख, कारभार मंत्रिमंडळाचा. त्यामुळे तुलना करायची तर पंतप्रधानांशी.

काढायला कोणी मनाई करत नाही, दाखवायला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. ही पूर्वतपासणी घटनेत बसते का, हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयात गेला तोही एका माहितीपटामुळेच: ख्वाजा अहमद अब्बास यांच्या चार शहरांवरच्या छोट्या पटामुळे, ज्यात मुंबईतल्या वेश्यावस्तीचं दृश्य होतं. १९७० चा निकाल: तपासणी चालेल. आनंद पटवर्धन यांच्या अणुचाचण्यांवरच्या माहितीपटाला बोर्डानं काटछाट सुचवली, तेव्हा २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो विनाकाटछाट मोकळा केला. म्हणजे दार बंद नाही, पण कोर्टाच्या पायऱ्या चढायची तयारी हवी.

अगदी अलीकडचं म्हणाल तर दोन उदाहरणं दोन दिशांची. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत पंतप्रधानांचा गौरव करणारा चरित्रपट निवडणूक आयोगानं मतदान संपेपर्यंत थांबवला. जानेवारी २०२३ मध्ये पंतप्रधानांवर टीका करणाऱ्या बीबीसीच्या माहितीपटाचे दुवे हटवायचे आदेश केंद्र सरकारनं माहिती तंत्रज्ञान नियमांखाली दिले. पहिलं मला योग्य वाटतं, दुसरं नाही. यावर गटात मतदान घेऊ नये असं ठरलेलं आहे.

मुलांना दाखवावा का?

दहावीच्या पुढच्यांना जरूर. लहानांना नको. इराकमधली जळालेली, छिन्नविच्छिन्न शरीरं त्यात आहेत. अमेरिकेतही त्याला १७ वर्षांखालच्यांनी पालकांसोबतच बघावा असा शिक्का होता.

ट्रम्प यांच्यावर मूर यांनी काढला तो कसा आहे?

‘फॅरनहाइट ११/९’, सप्टेंबर २०१८. तोही खुर्चीवरच्या अध्यक्षावर, पण कमाई एक कोटी डॉलरपर्यंतही पोचली नाही. ट्रम्प रोज टीव्हीवर असताना त्यांना बघायला तिकीट कोण काढणार! त्यातला फ्लिंटच्या शिसंमिश्रित पाण्याचा भाग मात्र चुकवू नका. तिथे ओबामा येऊन पाण्याचा घोट घेतात आणि समोरच्या लोकांचे चेहरे पडतात. तिथेही मूर थोडे कमी बोलले असते तर चाललं असतं.

सोसायटीच्या हॉलमध्ये लावू का?

घरात, ओळखीच्या माणसांत बघा. हॉलमध्ये सगळ्यांसाठी लावायचा तर हक्क असलेल्यांची परवानगी आणि प्रमाणपत्राचा प्रश्न येतो, आणि सेक्रेटरीशी भांडण वेगळंच. रात्री आठला सुरू करा, चर्चा दहाच्या आधी सुरू होत नाही, आणि वाशीकडच्या मंडळींना शेवटची गाडी गाठायची असते.